दाढीने फसवलं, दाढेने सोडवलं

छातीवर रुळणारी पांढरी दाढी, दाट भुवया, अंगात ठसठशीत नक्षीचा झगा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून छापलेल्या चित्रांत आणि पोस्टकार्डांवर असा ऐनू म्हातारा हमखास भेटतो. ऐनू हे जपानच्या उत्तर टोकाचं होक्काइदो आणि त्याच्याही उत्तरेकडची साखालिन व कुरील या बेटांवरचे मूळ रहिवासी. पुरुष ठरावीक वयानंतर दाढीला हत्यार लावत नसत. ती दाढी बघून युरोपातल्या कित्येक अभ्यासकांनी ठरवून टाकलं, की हे वाट चुकून पूर्वेला गेलेले गोरेच! मग कवट्या मोजायला कबरी उकरल्या गेल्या. त्यात जपानी संशोधकही मागे नव्हते.

उत्तर निघालं ते दाढेतून. होक्काइदोजवळच्या रेबुन बेटावर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका बाईच्या दाढेतल्या डीएनएवरून तिचा जनुकसंच उलगडला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ती जोमोन काळातली, म्हणजे जपानातल्या प्राचीन शिकारी-संग्राहक लोकांच्या काळातली. ऐनूंमध्ये या जोमोन लोकांचा वारसा भरपूर आहे, शिवाय उत्तरेकडच्या ओखोत्स्क लोकांचाही थोडा अंश आहे. युरोपशी नातं नाही. पूर्व आशियातल्या वंशवृक्षाची ही फार लवकर फुटलेली फांदी.

खरं तर चेहऱ्यापेक्षा झगा बघायला हवा होता. त्याचं नाव 'अत्तुश', आपल्या भाषेत वल्कलच. उन्हाळ्याच्या तोंडाशी एल्म झाडात रस चढतो, तेव्हा साल सहज सुटते. झाड मरू नये म्हणून एका बाजूचीच पट्टी ओढायची. आतली साल गरम झऱ्यात किंवा दलदलीत भिजत घालायची, अगदी ताग कुजवतात तशी. बुळबुळीतपणा धुऊन काढला, की कागदासारखे पापुद्रे सुटतात. ते चिरून, गाठी मारून धागा करायचा आणि कमरेला बांधायच्या मागावर विणायचा. अख्ख्या झग्याचं सूत असं हाताने करायला किती दिवस जात असतील!

काही चित्रांत म्हाताऱ्याच्या हातात लाकडी पट्टीही असते, 'इकुपासुय'. पाहुण्यांनी तिला 'मिश्या उचलायची काठी' म्हटलं. पुन्हा दाढीमिश्याच! पिताना मिशी वर धरायला ती वापरत, हे खरं. पण तिचं मुख्य काम वेगळं. तिचं टोक 'साके' या तांदळाच्या दारूत बुडवून 'कामुय'ला, म्हणजे देवांना, थेंब वाहतात. माणसाच्या बोलण्यात चुकलं-माकलं असेल, तर ती सुधारून सांगते म्हणे. टोकाच्या खालच्या अंगाला त्रिकोणी खूण कोरलेली असते. ती तिची जीभ.