रेल्वे दहा किलोमीटरवरून गेली : कॅनिंग्टन मॅनरची पार्श्वभूमी

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, आग्नेय कोपऱ्यात, मूस माउंटन नावाच्या टेकड्यांजवळ कॅनिंग्टन मॅनर नावाचं गाव होतं. 1882 मध्ये वसलं आणि 1905 च्या सुमाराला ओस पडलं. ऐन भरात तिथली वस्ती 200 च्या आसपास होती. गाव का मोडलं, असं विचारलं की एकच ठरलेलं उत्तर मिळतं: रेल्वे गावात आली नाही. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे.

आधी जमिनीचं. 1872 च्या कायद्यानं कॅनडा सरकार या गवताळ माळावर 10 डॉलर फी भरणाऱ्याला 160 एकर जमीन देत होतं. अट एवढीच, की तीन वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं आणि जमीन कसायची. जाहिरातींमध्ये या जमिनीला मोकळी म्हणत. ती मोकळी कशी झाली, हे मात्र जाहिरातीत नसे. 1874 मध्ये क्री, सोल्टो आणि असिनिबॉइन या मूळ रहिवासी लोकांशी करार करून सरकारनं त्यांना त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या राखीव क्षेत्रांकडे वळवलं होतं. त्यानंतर पाच-सहा वर्षांत इथले गव्यांचे (अमेरिकन बायसनचे) कळप जवळजवळ संपले. ज्यांचं सगळं जगणंच त्या कळपांवर होतं, त्यांच्यापुढे फारसे पर्याय उरले नाहीत. अशी काही राखीव क्षेत्रं मूस माउंटनच्या परिसरातच होती, म्हणजे नव्या गावाचे हे जुने शेजारी.

1882 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा मुख्य मार्ग मूसोमिन या गावापर्यंत पोचला. त्याच वर्षी कॅप्टन एडवर्ड मिचेल पिअर्स हे इंग्रज गृहस्थ कुटुंबकबिल्यासह या भागात आले. बँक बुडाल्यामुळे त्यांची पुंजी गेली होती. मूसोमिनच्या दक्षिणेला सुमारे 65 किलोमीटरवर त्यांनी बस्तान मांडलं आणि इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या आपल्या कॅनिंग्टनचं नाव गावाला दिलं. कॅनडाच्याच ऑन्टारिओ प्रांतात आधीच एक कॅनिंग्टन होतं, टपालाचा घोळ नको म्हणून पुढे ‘मॅनर’ जोडलं गेलं.

पिअर्सना नुसती शेती करायची नव्हती, इंग्लंडमधल्या खानदानी वर्गाचं गाव इथे उभं करायचं होतं. तिकडे जेवढा पैसा करापायी जातो तेवढ्यात इथे थाटात राहता येईल, अशा आशयाचा प्रचार त्यांनी केला. शिवाय एक शेतकी शाळा काढली. सुखवस्तू घरांतल्या, धाकट्या म्हणून वाट्याला इस्टेट न आलेल्या मुलांनी वर्षाला 100 पौंड द्यायचे आणि गव्हाची शेती शिकायची. गावकरी या विद्यार्थ्यांना ‘पिल्लं’ म्हणत. शेजारचे वसाहतवाले स्वतः राबून शेती शिकत होते आणि ही मंडळी वर पैसे मोजून तेच काम करायला आली होती! अर्थात त्यांनी काम किती केलं हा प्रश्नच आहे. नांगरापेक्षा क्रिकेटची बॅट, टेनिस, नाटकं आणि घोडे यांतच बहुतेकांचा जीव रमे.

या थाटाचा कळस म्हणजे बेक्टन बंधू. आजोबांचा वारसा हाती आला आणि या तिघांनी गावाबाहेर ‘डिड्सबरी’ नावाचा दगडी वाडा बांधला. मँचेस्टरजवळच्या आपल्या गावाचंच नाव त्यांनी वाड्याला दिलं. वीसहून जास्त खोल्या, बिलियर्डची खोली, अविवाहित पाहुण्यांसाठी वेगळी बाजू. शर्यतीच्या घोड्यांचा तबेला दगडी, आतून महोगनी लाकडानं मढवलेला, आणि प्रत्येक घोड्याच्या नावाची पितळी पाटी. त्याच माळावर बाकीची कुटुंबं गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांनी रचलेल्या घरांत उणे 30 अंशांचा हिवाळा काढत होती. शिकारीसाठी कुत्रीही इंग्लंडहून आणलेली. इतक्या दूर येऊन हुबेहूब तेच आयुष्य मांडायचं होतं, तर निघायचं तरी कशाला, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

पण गाव म्हणजे फक्त ही मौजमजा नव्हती. पिठाची गिरणी होती, दुकान, लोहार, सुतार, शाळा, मायटर नावाचं हॉटेल होतं. 1884 मध्ये लाकडी ओंडक्यांचं ऑल सेंट्स चर्च उभं राहिलं. जेम्स हम्फ्रीज या जहाजांच्या अभियंत्यानं डुकराचं मांस टिकवून विकण्याचा कारखाना काढला. हा सगळा व्यवहार आसपासच्या शेतकऱ्यांवर चाले, आणि त्यातले कित्येक ऑन्टारिओतून आलेले, हातानं काम करणारे लोक होते.

म्हणजे गावात दोन प्रकारचा पैसा फिरत होता. एक इंग्लंडहून येणारा, दुसरा गव्हातून निघणारा. पहिला झरा रेल्वेच्या आधीच आटला. पिअर्स 1888 मध्ये वारले आणि शाळेचा आधार गेला. शतक संपायच्या आत बेक्टनही इंग्लंडला परतले. ‘पिल्लां’पैकी कोणी वायव्य कॅनडातल्या क्लॉन्डाइकच्या सोन्यामागे गेलं, कोणी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धावर. वारशाच्या आणि घरून येणाऱ्या पैशांवर चालणारी हौस कधीतरी संपणारच होती.

उरला गव्हाचा पैसा, तो रेल्वेनं नेला. या माळावर गहू पिकवणं जेवढं अवघड, तेवढंच तो रुळापर्यंत पोचवणं. घोडागाडीत पोती भरून 65 किलोमीटर जायचं म्हणजे वाटेत मुक्काम आलाच. म्हणून शेतकरी एका दिवसात माल घालून घरी परत येईल, इतक्या अंतरांवर रेल्वेकडेची गावं बसवली जात. 1900 च्या सुमाराला या भागात रेल्वेचा फाटा आला, तो कॅनिंग्टन मॅनरच्या दक्षिणेला सुमारे 10 किलोमीटरवरून. स्टेशन तिथे, धान्याची कोठारं तिथे, मग दुकानदारानं गावात कशाला थांबायचं? रुळाकाठी जे नवं गाव झालं त्यानं ‘मॅनर’ हे नावही उचललं. ते गाव आजही आहे.

याच सुमाराला, 1901 मध्ये, फेझंट रम्प आणि ओशन मॅन या दोन नाकोटा (म्हणजे असिनिबॉइन) समूहांची राखीव जमीन सरकारनं काढून घेतली आणि लोकांना व्हाइट बेअर राखीव क्षेत्रात हलवलं. मोडलेल्या इंग्रज गावाच्या गोष्टी हौसेनं सांगितल्या जातात, हे विस्थापन मात्र क्वचितच कोणी त्यांच्या शेजारी ठेवतं. पुढे अनेक दशकांनी या समूहांना दावा करून भरपाई मिळवावी लागली.

कॅनिंग्टन मॅनरची जागा आता प्रांतिक ऐतिहासिक उद्यान आहे. काही इमारती जतन केल्या आहेत, काही नव्यानं उभारल्या आहेत, आणि चर्चमध्ये अधूनमधून प्रार्थना होते. आसपासची शेतं मात्र कधी ओस पडली नाहीत. गहू पिकतच राहिला, फक्त गव्हाच्या घोडागाड्या उत्तरेला मूसोमिनकडे जायच्या त्या दक्षिणेला मॅनर स्टेशनकडे वळल्या.