दारू सुटली, कपाळावरची आठी राहिली

रात्रीचे नऊ वाजलेत, ताटं वाढलीत. त्याला दारू सोडून दीड महिना झालाय. भाजीत मीठ टाकलं की राहिलं, या विचारात तिच्या कपाळाला आठी पडते आणि तो हातातला घास ताटात टाकतो. "एवढं सोडलं तरी तुझं तोंड वाकडं ते वाकडंच!" ती खरोखरच मिठाचा विचार करत होती.

असल्या भांडणांचं खापर आपण स्वभावावर फोडतो. मला वाटतं, आधी मेंदूकडे बघावं. १९९९ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी नुकतीच दारू सोडलेल्या लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून त्यावरच्या भावना ओळखायला सांगितल्या. त्यांना त्या भावना होत्या त्याहून तीव्र वाटल्या. राग आणि तुच्छता ओळखण्यात तर त्यांची बरीच गल्लत झाली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आपण चुकतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता. म्हणजे ताटावरचा तो माणूस कांगावा करत नाही. त्याला समोर खरोखरच राग दिसतोय.

त्यात झोप नाही. दारू मेंदूतल्या 'गाबा' या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू तोल साधायला स्वतःच जास्त उत्तेजित राहू लागतो. दारू थांबली तरी ही घडी लगेच बसत नाही. (म्हणूनच रोज खूप पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.) झोपेच्या तक्रारी तर कित्येक महिने टिकतात.

आणि ती? कुलपात किल्ली किती वेळ खुडखुडते यावरून आज किती प्यायलाय हे तिला वर्षानुवर्षं कळत आलंय. आता तो अर्धा तास उशिरा आला तरी तिच्या पोटात गोळा येतो, दार उघडताना नाक आपोआप वास शोधतं. याला संशयीपणा म्हणणं अन्याय आहे. जीव सांभाळायला शरीर जे शिकलं, ते दीड महिन्यात कसं विसरेल? पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राची सुरुवात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी केली. तिथे पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे, तो याचसाठी मला फार मोलाचा वाटतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. 'नकळत दारू सोडवा' म्हणून विकली जाणारी पूड जेवणात मिसळू नका. असं चोरून डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध दिलं जातं तेव्हा, त्यावर दारू पोटात गेली की शरीरात अॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन साचतं, रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. मृत्यूही ओढवू शकतो. शिवाय पुढे कधी कळलं, तर तिच्या हातचं जेवायलाही तो घाबरेल. तेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दोघांच्या संमतीने, तिच्यासमोर रोज घेतलं जातं, तेव्हा मात्र त्याचा उपयोग होतो.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टिमोथी ओ'फॅरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या जोडप्यांच्या उपचारात एक साधा रिवाज आहे. रोज ठरलेल्या वेळी तो म्हणतो, "कालपासून मी प्यायलो नाही, आजही पिणार नाही." तो ऐकल्याबद्दल तिचे आभार मानतो, ती प्रयत्नाबद्दल त्याचे. बस. मागचं उकरायचं नाही, पुढचं बजावायचं नाही. एकट्या रुग्णावरच्या उपचारापेक्षा या पद्धतीने पिणं कमी होतं आणि नातंही सुधारतं, असं अनेक चाचण्यांत दिसलंय. मात्र गंभीर मारहाण होणाऱ्या घरात हे नको; तिथे आधी तिची सुरक्षितता.

शरीरसंबंधांचंही घाईने मनाला लावून घेऊ नये. दीर्घकाळच्या दारूने इच्छा आणि क्षमता दोन्ही घटतात, त्यांना सावरायला वेळ लागतो.

ताटावरच्या त्या दोघांनी मात्र आजच एक करावं. त्याने चेहरा वाचू नये, विचारावं: "चिडलीस का गं?" आणि तिने खरं ते सांगावं: "नाही रे, मीठ विसरले बहुतेक."