राक्षसांशी लढणारे किशोर आणि त्यांचे पालक

कथासाहित्यातील एक संकल्पना. वयात येणाऱ्या मुलावर किंवा मुलीवर राक्षस, पिशाच, दैत्य यांच्याशी लढण्याची कामगिरी येते आणि आज ना उद्या ती आई-वडिलांना कळते. अशा कथांतल्या लढाया बहुधा एकसारख्याच असतात. कथेचा खरा कस लागतो तो घरात, उंबरठ्याशी. पालकांनी कसे वागावे, हा प्रश्न त्यांना ही गोष्ट कोणी, कधी आणि कशी सांगितली यापासून वेगळा काढता येत नाही.

मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचा प्रसंग वाल्मीकिरामायणाच्या बालकांडातला आहे. यज्ञात विघ्ने आणणाऱ्या मारीच-सुबाहूंच्या बंदोबस्तासाठी विश्वामित्र दहा रात्रींपुरता राम मागतात. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांची चाल लाभलेले ‘ज्येष्ठ तुझा पुत्र मला देई दशरथा’ हे पद १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’मुळे घरोघरी पोहोचले. त्या मागणीने दशरथाची शुद्ध हरपते. सावरल्यावर त्याच्या तोंडून पहिली गोष्ट निघते ती मुलाच्या वयाची : ‘ऊनषोडशवर्षो मे रामो राजीवलोचनः’. माझ्या रामाला अजून सोळावेही पुरे झालेले नाही. त्याच्याऐवजी मीच अक्षौहिणी सेना घेऊन येतो, असे तो म्हणतो. मग विचारतो, ते राक्षस कोण, कोणाचे, त्यांचे बळ केवढे? रावणाचे नाव निघाल्यावर तर त्याचे उरलेसुरले अवसानही गळते.

याला पुत्रमोह म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. दशरथाने विचारलेला प्रत्येक प्रश्न बापाने विचारायलाच हवा असा आहे. शिवाय तो प्रश्न मुलाला विचारत नाही, मुलाला नेणाऱ्याला विचारतो. विश्वामित्रांना अस्त्रविद्या किती अवगत आहे, हे वसिष्ठ समजावून सांगतात, तेव्हा कुठे राजा तयार होतो. तयार झाल्यावर मात्र हातचे काही राखत नाही. लक्ष्मणाला सोबत देतो, आई-वडील दोघे स्वस्तिवाचन करतात आणि रामाचे मस्तक हुंगून दशरथ त्याला ऋषींच्या हाती सोपवतो. पुढे सरयूच्या काठी रामाला बला आणि अतिबला या विद्या मिळतात, आणि गवताच्या शेजेवर झोपलेल्या त्या मुलाला विश्वामित्र पहाटे ‘कौसल्या सुप्रजा राम’ अशी हाक मारून उठवतात. उठवताना आईचे नाव घेतात. कितीतरी घरांत पहाटे लागणाऱ्या व्यंकटेश सुप्रभाताची सुरुवात याच श्लोकाने होते.

याच्या नेमके उलट चित्र ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ (१९९७–२००३) या अमेरिकी मालिकेत दिसते. बफी समर्स ही कॅलिफोर्नियातल्या सनीडेल या काल्पनिक गावातली शाळकरी मुलगी. पिशाचांशी लढण्यासाठी तिची निवड झालेली आहे. तिचा मार्गदर्शक जाइल्स शाळेचा ग्रंथपाल म्हणून वावरतो आणि तिच्या आईला, जॉइसला, काहीही सांगत नाही. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी एक पिशाच जॉइसच्या डोळ्यांदेखत धूळ होते, तेव्हा तिला कळते. जगाचा नाश टाळायला निघालेल्या मुलीला ती स्वयंपाकघरात अडवते आणि सांगते, आता घराबाहेर पडलीस तर परत येऊ नकोस. मुलगी जाते आणि खरोखरच परत येत नाही. आईला सापडते ती चिठ्ठी.

जॉइसचे ते वाक्य चुकलेच. त्या एका रात्रीत तिच्यावर केवढे कोसळले होते, हेही विसरता येत नाही. बफी बेपत्ता असताना जाइल्स भेटायला येतो, तेव्हा ती त्यालाच दोष देते : माझ्या पाठीमागे तू तिच्या आयुष्यात शिरलास, तिला माझ्यापासून तोडलेस. ही तक्रार रास्त आहे. विश्वामित्र दारात येऊन, सर्वांसमक्ष, नकार ऐकण्याची तयारी ठेवून मागतात. जाइल्स विचारतच नाही. जॉइसला दशरथासारखे प्रश्न विचारायची संधीच मिळाली नाही, म्हणून तिच्याकडे उरली ती धमकी. मुलगी घरी आल्यानंतरही दोघींना जुळवून घ्यायला वेळ लागतो, पण दार पुन्हा बंद होत नाही.

‘सुपरनॅचरल’ (२००५–२०२०) या मालिकेतला जॉन विंचेस्टर स्वतःच शिकारी. कपाटातल्या कशाला तरी घाबरलेल्या नऊ वर्षांच्या सॅमला तो जवळ घेत नाही, हातात पिस्तूल देतो. पुढे सॅम महाविद्यालयात जायला निघतो, तेव्हा याही घरात तेच वाक्य उच्चारले जाते : गेलास तर परत येऊ नकोस. एका घरात ते मुलीने लढू नये म्हणून येते, दुसऱ्यात मुलगा लढाई सोडतो म्हणून. आणि दोन्हीकडे मूल जातेच.

घरच्या संमतीचे मोल खरे कळते ते मूल नजरेआड गेल्यावर. ‘मार ही त्राटिका, रामचंद्रा’ या पदामुळे मराठी कानांना परिचित असलेल्या प्रसंगी रामापुढे स्त्रीवधाचा प्रश्न उभा राहतो. अयोध्या मागे राहिली आहे आणि समोर ताटकेचे, म्हणजेच त्या त्राटिका राक्षसीचे, अरण्य आहे. तिथे तो विश्वामित्रांना सांगतो की, अयोध्येत गुरुजनांसमोर माझ्या वडिलांनी मला बजावले आहे, तुमचा शब्द मोडायचा नाही. मग तो धनुष्य मुठीत धरतो आणि दोरीचा टणत्कार करतो.