गोरोंगोसाच्या बिनसुळ्यांच्या हत्तीणी

आपल्याकडे हत्तीणीला बाहेर आलेले सुळे नसतात, त्यामुळे बिनसुळ्यांची हत्तीण यात आपल्याला नवल वाटणार नाही. आफ्रिकेत मात्र नर-मादी दोघांनाही सुळे असतात. खोडाची साल काढायची, मुळं खणायची, कोरड्या नदीपात्रात पाणी शोधायचं, सगळं त्यांच्याच जोरावर. तरीही मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात सुळे नसलेल्या माद्या मोठ्या संख्येने दिसतात. आणि त्यामागे आहे युद्ध.

आफ्रिकेच्या महाखचदरीच्या दक्षिण टोकाला हे उद्यान आहे. शेजारच्या १,८६३ मीटर उंचीच्या गोरोंगोसा पर्वतावर पाऊस अडतो, तिथल्या जंगलातून नद्या खाली उतरतात आणि दरीतल्या उरेमा सरोवराला येऊन मिळतात. पावसाळ्यात सरोवर काठ सोडून दूरवर पसरतं. पाणी ओसरलं की मागे उरतो तो नुसता चारा! १९६० मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेल्या या जागेची श्रीमंती या गवतात होती.

१९७७ ते १९९२ या काळात देशात यादवी युद्ध पेटलं आणि उद्यानाचा परिसरच रणभूमी झाला. सैनिकांची भूक मांसावर भागली, हस्तिदंत विकून शस्त्रं आली. १९७२ मध्ये इथे अडीच हजारांहून अधिक हत्ती मोजले गेले होते. २००० मध्ये उरले २४२. मारणाऱ्याचा डोळा सुळ्यांवर, त्यामुळे ज्यांना ते नव्हते त्या वाचल्या. युद्धापूर्वी सुमारे १८.५ टक्के माद्या बिनसुळ्यांच्या होत्या, नंतर हे प्रमाण ५१ टक्क्यांवर गेलं. हा निव्वळ योगायोग असेल का, हेही गणिताने तपासलं गेलं. उत्तर आलं, नाही: बिनसुळ्यांच्या मादीची जगण्याची शक्यता पाचपट होती.

मग असे नर का दिसत नाहीत? २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने याचं उत्तर एक्स गुणसूत्रात शोधलं. मादीकडे अशी दोन गुणसूत्रं असतात. एकावर हा बदल असला तर तिचे सुळे जातात, पण दुसरं तिला सांभाळून घेतं. नराकडे एक्स एकच. त्यावरच बदल आला तर पिल्लू जन्मापूर्वीच दगावतं. त्यामुळे अशा आईचे निम्मे मुलगे जन्मालाच येत नाहीत आणि तिच्या पिल्लांत दोन-तृतीयांश मुलीच भरतात. संशयित जनुकांपैकी एक आहे ‘एएमईएलएक्स’. माणसातही त्या भागात बिघाड झाला तर वरच्या पटाशीच्या बाजूचे दात नीट वाढत नाहीत. हत्तीचे सुळे म्हणजे तेच दात, फक्त वाढलेले. शिकारीचा दबाव हटल्यावर उलटा प्रवासही सुरू झाला आहे: युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांत बिनसुळ्यांचं प्रमाण ३३ टक्के निघालं.

२००४ पासून अमेरिकी उद्योजक ग्रेग कार यांची संस्था मोझांबिक सरकारच्या साथीने उद्यान उभं करते आहे. पण जनावरं परत आली ती जुन्या प्रमाणात नव्हे. हत्ती, रानम्हशी, पाणघोडे कमी आणि वॉटरबक हे हरणासारखे प्राणी ५५ हजारांच्या वर! सिंह थोडेच उरले होते, बिबटे आणि रानकुत्रे तर नाहीसेच झाले होते. मग भिऊन राहायचं कुणाला?

झाडीत दबकून राहणारा बुशबक हा हरणासारखा प्राणी सरोवराकाठच्या उघड्या मैदानात येऊन चरू लागला. तिथला चाराही सकस. शास्त्रज्ञांनी त्याला बिबट्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं, मांसभक्षकाच्या विष्ठेचा आणि मूत्राचा वास दिला. जन्मात बिबट्या न पाहिलेले ते बुशबक झाडीच्या दिशेने सरकले. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १४ रानकुत्रे आणून इथे सोडण्यात आले. बुशबकना घाबरवायला आता ध्वनिक्षेपकच हवा असं नाही.