स्प्रिंग बदलली म्हणजे पल्ला वाढतो, हा गैरसमज

विजेवर चालणारी पहिली एअरसॉफ्ट रायफल, म्हणजे हवेच्या दाबाने प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या सोडणारी खेळातली बंदूक, घेणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘आधी जास्त ताकदीची स्प्रिंग बसव, पल्ला आपोआप वाढेल.’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आला असला, तरी तो चुकीचा आहे आणि त्यापायी कित्येक चांगल्या रायफली निकामी होतात.

या प्रकारच्या रायफली १९९१ मध्ये टोकियो मारुई या कंपनीने बाजारात आणल्या. जपानमध्ये २००६ पासून ६ मिलिमीटर गोळीची ऊर्जा कायद्याने एका ज्यूलच्याही किंचित खाली ठेवावी लागते; तरीही तिथल्या रायफलींचा पल्ला आणि नेम नावाजलेला आहे. याचे कारण हॉप-अप. नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या रबराचा लहानसा उंचवटा गोळीला वरून घासतो, त्यामुळे तिला उलटी फिरकी मिळते आणि ती हवेत अधिक काळ तरंगत राहते. ताकदवान स्प्रिंगने वेग वाढतो खरा, पण स्प्रिंगला दाबणाऱ्या पिस्टनचे दाते, गिअर आणि मोटर यांच्यावर ताण येतो आणि पिस्टन व गिअर ज्यात बसतात त्या गिअरबॉक्सचे कवच पुढच्या बाजूला तडकू शकते.

म्हणून पहिला खर्च चांगल्या हॉप-अप रबरावर आणि ०.२० ऐवजी ०.२५ किंवा ०.२८ ग्रॅमच्या दर्जेदार गोळ्यांवर करावा. नळी सळईला गुंडाळलेल्या कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावी. तिच्यात सिलिकॉन तेल मारू नये, कारण ते रबरापर्यंत पोहोचले की रबराची पकड सुटते आणि गोळ्या वेड्यावाकड्या जाऊ लागतात.