मनोराविरहित विमानतळांवरील धावपट्टी-संघर्ष टाळणे

नियंत्रण मनोरा नसलेल्या विमानतळावर उड्डाणाची वा उतरण्याची परवानगी देणारे कोणी नसते. धावपट्टी मोकळी आहे की नाही, हे प्रत्येक वैमानिकाने स्वतः पाहून, ऐकून आणि इतरांना सांगून ठरवायचे असते. अमेरिकेतील सार्वजनिक वापराच्या सुमारे 5,000 विमानतळांपैकी बहुसंख्य याच प्रकारचे असल्याने तेथे या कार्यपद्धतीचा तपशीलवार विचार झालेला आहे.

धावपट्टीभोवती विमाने ठरावीक आयताकृती फेऱ्याने येतात. वेगळी खूण नसेल तर वळणे डावीकडे घ्यायची असतात आणि फेऱ्याची उंची साधारणपणे जमिनीपासून 1,000 फूट असते. उतरण्याच्या अंतिम टप्प्यातील विमानाला जमिनीवरील विमानांपेक्षा अग्रक्रम मिळतो. दोन विमाने उतरत असतील तर खालच्याला प्राधान्य असते, मात्र त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसण्यास नियमाने मनाई आहे.

सुमारे 10 मैलांवरून वैमानिक सामायिक रेडिओ वारंवारतेवर आपले स्थान व इरादा जाहीर करू लागतात. एकच वारंवारता आसपासचे अनेक विमानतळ वापरत असल्याने विमानतळाचे नाव संदेशाच्या आरंभी आणि शेवटी असे दोनदा घेतात. ‘परिसरात कोणी असल्यास कळवा’ अशी मोघम हाक अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शनात स्पष्टपणे वर्ज्य ठरवली आहे, आणि ते योग्यच आहे, कारण तिच्यातून बोलणाऱ्याचे स्थान कळत नाही, उलट वाहिनी मात्र अडते. शिवाय अशा बहुतेक विमानतळांवर रेडिओ बाळगणे सक्तीचे नाही. विद्युतयंत्रणाच नसलेली जुनी विमानेही तेथे कायदेशीरपणे उडतात. त्यामुळे वाहिनीवरील शांततेचा अर्थ धावपट्टी रिकामी आहे असा घेता येत नाही.

उत्तर मिळाले तरी ते कोणाचे, हा प्रश्न उरतोच. 19 नोव्हेंबर 1996 रोजी इलिनॉयमधील क्विन्सी येथे बीचक्राफ्ट 1900 हे प्रवासी विमान धावपट्टी 13 वर उतरत होते आणि तिला छेदणाऱ्या धावपट्टी 04 वर किंग एअर प्रकारचे एक छोटे विमान उड्डाणाच्या तयारीत उभे होते. तुम्ही थांबणार की निघणार, असे प्रवासी विमानातून विचारले गेले. उत्तर दिले ते किंग एअरच्या मागे थांबलेल्या चेरोकी विमानाच्या वैमानिकाने, आणि त्यातील काही शब्द प्रवासी विमानाच्या कॉकपिटमधील उंची सांगणाऱ्या स्वयंचलित आवाजात बुडाले. किंग एअर थांबणार असल्याचा समज होऊन प्रवासी विमान उतरले. दोन्ही विमाने छेदबिंदूवर आदळली आणि दोन्हींतील मिळून 14 जण मृत्युमुखी पडले. किंग एअरच्या वैमानिकांनी वाहिनीकडे व आजूबाजूला पुरेसे लक्ष दिले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

ऐकू येऊनही अपघात टळत नाही, हे 18 ऑगस्ट 2022 रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे दिसले. फेऱ्यातील सेसना 152 आणि फेरा न घेता सरळ रेषेत नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने येणारे सेसना 340 या दोन्ही विमानांतून संदेश दिले जात होते. तरीही ती धडकली आणि तिघांचा मृत्यू झाला. सरळ येण्याला बंदी नाही, पण फेऱ्यातील विमानांचा क्रम त्यामुळे मोडता कामा नये.

नजरेलाही मर्यादा आहेत. वरच्या बाजूला पंख असलेल्या विमानातून वरचे दिसत नाही, खालच्या बाजूला पंख असलेल्यातून खालचे. अंतिम टप्प्यात दुसऱ्या प्रकारचे विमान पहिल्याच्या डोक्यावर उतरत असेल तर दोघांनाही पत्ता लागत नाही. म्हणून धावपट्टीवर शिरण्यापूर्वी विमान तिरके वळवून अंतिम टप्प्याची दिशा न्याहाळतात, छेदणाऱ्या धावपट्टीची दोन्ही टोके पाहतात, आणि एकदा आत शिरल्यावर येणाऱ्या विमानांकडे पाठ करून रेंगाळत नाहीत.