रिपोर्ट यायचाय: मधल्या दिवसांचं विज्ञान

वहिनींच्या स्तनातल्या गाठीची बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, तिसऱ्या माळेला झाली. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या माहेरच्या घरात घट बसलेले, रात्री उशिरापर्यंत गरब्याचे स्पीकर, आणि वहिनींच्या पर्समध्ये घडी घातलेला सोनोग्राफीचा कागद. त्यावर लिहिलं होतं, ‘बायरॅड्स 4’. वहिनींना वाटलं चौथी स्टेज. दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. मला कागद दाखवला तोही स्वयंपाकघरात, दार लोटून घेऊन.

या एका आकड्याने किती बायकांची झोप उडवली असेल! बायरॅड्स ही 0 ते 6 अशी वर्गवारी आहे आणि ती आजाराची नाही, चित्राची आहे. मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीत जे दिसलं त्याबद्दल रेडिऑलॉजिस्टला किती शंका वाटते, एवढंच तो आकडा सांगतो. 3 म्हणजे बहुधा साधी गाठ, थोड्या महिन्यांनी परत बघू. 4 म्हणजे नुसतं बघून सांगता येत नाही, तुकडा काढून तपासा. हा चौथा वर्ग भलताच ऐसपैस आहे. 4 ए मध्ये कॅन्सर निघण्याची शक्यता 2 ते 10 टक्के, 4 बी मध्ये 10 ते 50, आणि 4 सी मध्ये 50 ते 95. स्टेज ठरते ती कॅन्सर सिद्ध झाल्यावर, ती किती पसरलाय हे सांगते, आणि तिचा या आकड्याशी काही संबंध नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की हे दोन ओळींत त्या कागदावरच छापलेलं असावं.

बायोप्सीच्या वेळी मी शेजारी उभी होते. जागा बधिर केली, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई आत नेली आणि स्टेपलरसारखा ‘खट्’ आवाज झाला. असं चार-पाचदा. दरवेळी सुईच्या खाचेतून शेवईएवढा पांढुरका तुकडा निघायचा आणि फॉर्मॅलिनच्या, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणाच्या, लहानशा बाटलीत पडायचा. वहिनी मान वळवून बघत होत्या. परतताना रिक्षा सूरसागर तलावापाशी अडकली तेव्हा हळूच म्हणाल्या, “अगं, ते सगळे बुडाले. एकसुद्धा तरंगला नाही.”

चरबी हलकी असते, ती तरंगते. घट्ट ऊती बुडते. फायब्रोअ‍ॅडिनोमा या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठीचा तुकडाही बुडतो आणि कॅन्सरचाही. तुकडा बुडाला म्हणजे सुई चरबीत न जाता घट्ट ऊतीत गेली, इतकंच. मी हे सांगितलं, त्यांनी मान हलवली, पण संध्याकाळी दुसरी खूण सापडली होती: घटाचं धान यंदा पिवळं उगवलंय. आता, देवघराच्या कोपऱ्यात ऊन पोचत नाही, आणि उजेड मिळाला नाही की रोपात हरितद्रव्य तयार होत नाही. रोप पिवळं राहतं आणि उजेडाच्या शोधात भराभर लांब वाढतं. चाळीस वर्षं त्या घरात ते पिवळंच उगवतंय. पण याआधी वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

याला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. मेंदूचं मुख्य काम पुढे काय होणार याचा अंदाज बांधणं हे आहे, आणि अंदाजाला सामग्री मिळाली नाही की तो हाताला लागेल ते उचलतो. डॉक्टर गप्प का होते, नर्सने खांद्यावर हात का ठेवला, लॅबचा फोन अजून का नाही. सगळ्यात छळणारी खूण म्हणजे उशीर. म्हणून लॅबमध्ये त्या तुकड्याचं काय होतं ते नीट सांगते. मी पॅथॉलॉजी शिकलेली नाही, पण प्राणिशास्त्र शिकताना सयाजीराव विद्यापीठात मी मायक्रोटोम या पातळ काप काढायच्या यंत्रावर उंदराच्या यकृताचे काप काढलेले आहेत, आणि ते काम घाईने होत नाही हे माझ्या हातांना ठाऊक आहे.

फॉर्मॅलिन तुकड्यात लवकर शिरतं, पण पेशींतल्या प्रथिनांना एकमेकांशी बांधून ठेवण्याची त्याची रासायनिक क्रिया सावकाश होते. स्तनाच्या ऊतीसाठी किमान 6 तास आणि जास्तीत जास्त 72 तास असा नियम आहे. कमी वेळ ठेवलं तर पुढच्या तपासण्या चुकू शकतात. मग चढत्या प्रमाणातल्या अल्कोहोलमधून त्यातलं पाणी काढायचं, झायलीन या द्रावकाने अल्कोहोल काढायचं आणि साधारण 60 अंशांवर वितळलेलं मेण आत मुरवायचं. गार झालं की मेणाचा ठोकळा तयार. तो मायक्रोटोमला लावून चाक फिरवलं की 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप निघतात. केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप सहज मावतील. एकामागोमाग एक चिकटून त्यांची फीत होते. ती कोमट पाण्यावर तरंगत सोडायची, सुरकुती गेली की काचपट्टीवर अलगद उचलायची. पंख्याची एक झुळूक आली की फीत गुंडाळलीच. आमच्या बाई पंखे बंद करून घ्यायच्या, आणि मे महिन्यातल्या बडोद्यात आम्ही श्वास रोखून घामाघूम उभ्या.

पुढे रंग. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळणारा रंग पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतो, इओसिन बाकीचं गुलाबी. ही जोडी एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे आणि अजूनही पहिला निवाडा तिच्यावरच होतो. पॅथॉलॉजिस्ट केंद्रकांचा आकार बघतात, दूधनलिकांची मांडणी बघतात, आणि नलिकेभोवतीचा स्नायूसदृश पेशींचा बाहेरचा थर शाबूत आहे का ते शोधतात. तो थर असेल तर पेशी कुंपणाच्या आत आहेत. दूधग्रंथींच्या काही अगदी निरुपद्रवी वाढी आक्रमक कॅन्सरसारख्या दिसतात, आणि उलटही घडतं. असा संभ्रम असला की त्या थरापुरता वेगळा रंग करून बघतात, ठोकळ्यातून आणखी खोल काप काढतात, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवतात. यात दिवस जातात. उशिराचा अर्थ ‘अजून बघतायत’ एवढाच असतो. चांगल्या रिपोर्टलाही तो होतो, वाईटालाही.

कॅन्सर निघालाच तर थांबणं एकदाच संपत नाही, हेही आधी माहीत असलेलं बरं. ईआर आणि पीआर हे संप्रेरकांचे ग्राहक आणि हर-2 हे प्रथिन गाठीच्या पेशींत किती आहे, या तपासण्या होतात. गाठ संप्रेरकांवर पोसली जाते का, तिच्यावर कोणतं औषध चालेल, हे त्यांवरून ठरतं. हर-2चा निकाल ‘2 प्लस’ आला तर तो हो-नाहीच्या मध्ये असतो आणि फिश नावाची आणखी एक तपासणी लागते. म्हणजे आणखी काही दिवस.

तेवढ्यात आजार वाढेल का? वहिनींचा हा प्रश्न रोज यायचा. स्तनाची गाठ दुप्पट व्हायला बहुतेक वेळा काही महिने लागतात, त्यामुळे रिपोर्टसाठी गेलेल्या आठवड्या-दोन आठवड्यांनी उपचार हुकत नाहीत. सुई लावल्याने आजार बळावतो याला पुरावा नाही. घात होतो तो गाठ हाताला लागल्यावर ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणत सहा महिने काढण्याने.

आता शरीराकडे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 45 जण संगणकावर खेळत होते: दगडाखाली साप असेल की नाही ते ओळखायचं, साप निघाला तर हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार मोजला. झटका बसणारच हे ठाऊक असताना ताण कमी होता आणि शक्यता निम्मी-निम्मी असताना सर्वांत जास्त. 2009 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बायोप्सीनंतर पाचव्या दिवसाच्या सुमाराला बायकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं. ताणाशी जोडलेलं हे संप्रेरक सकाळी चढतं आणि रात्रीपर्यंत उतरतं. ज्यांना अजून काहीच कळलं नव्हतं त्यांचा चढ-उतार ‘कॅन्सर आहे’ असं कळलेल्यांसारखाच बिघडलेला होता. हे वाचून मला माझीच लाज वाटली. दोन दिवस आधीच मी त्यांना म्हटलं होतं, “अजून काही निघालंय का? मग कशाला एवढं?” काही निघालं नव्हतं, म्हणूनच तर एवढं होतं.

मग करायचं काय? केट स्वीनी या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ वाट बघण्याचाच अभ्यास करतात. वकिलीच्या परीक्षेचा निकाल चार महिन्यांनी लागायचा, तोवर उमेदवारांचं काय होतं हे त्यांनी पाहिलं. काळजी सुरुवातीला जास्त असते, मध्ये ओसरते आणि निकालाच्या तोंडावर पुन्हा उसळते. मनाला समजावण्याच्या नेहमीच्या युक्त्यांनी फारसा फरक पडला नाही. म्हणून ‘पॉझिटिव्ह विचार करा हं’ म्हणणाऱ्यांना मी दारातूनच चहा विचारून परत पाठवत होते. त्यांच्याच संशोधनात उपयोगी दिसलेली गोष्ट म्हणजे पूर्ण गुंगून जावं लागेल असं काम, फार सोपं नाही आणि फार अवघडही नाही.

जपमाळेने वहिनींना साधलं नाही. हात मणी ओढायचे आणि मन बाटलीपाशी. टीव्हीचंही तेच. पण मंगळबाजारातून आणलेलं खणाचं कापड होतं, भाचीच्या ब्लाऊजचं. ते त्यांनी सहाव्या माळेला जमिनीवर पसरलं. कापड बेताचं, काठ दोन्ही बाह्यांवर समोरासमोर यायला हवा, आणि कात्री एकदा चालली की परत नाही. पाऊण तास त्यांनी वर पाहिलं नाही. मग टेप गळ्यात घालून म्हणाल्या, “किती वाजले गं?” गेल्या आठवड्यात वेळ कळला नाही असं पहिल्यांदाच झालं होतं.

दुसरी गोष्ट आम्ही उशिरा केली, खरं तर बायोप्सीच्या दिवशीच करायला हवी होती. डॉक्टरांना फोन करून तीन गोष्टी विचारल्या: रिपोर्ट साधारण कधी, सांगणार कोण, आणि फोनवर की समोर. लॅब पीडीएफ थेट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते हे तेव्हा कळलं. वहिनींनी नंबर बदलून माझा दिला, आणि डॉक्टरांसमोर बसल्याशिवाय मी तो उघडायचा नाही असं ठरलं. आठव्या माळेला लॅबने कळवलं की आणखी एक रंग करायचाय, मग दसऱ्याची सुट्टी आली. या वेळी वहिनी धान बघायला गेल्या नाहीत. “म्हणजे तो कुंपणाचा थर बघतायत का?” एवढंच विचारलं.

रिपोर्ट एकादशीनंतर आला. काय आला ते इथे मुद्दाम लिहीत नाही. वाट बघत असलेली एखादी बाई हे वाचत असेल तर ती त्यात स्वतःची खूण शोधेल, आणि वहिनींचा तुकडा तिच्या तुकड्याबद्दल काहीही सांगू शकत नाही. आम्ही दुपारी चारला निघालो. पर्समध्ये सोनोग्राफीचा कागद होता, प्रश्नांची यादी होती, आणि पिशवीत भाचीचा ब्लाऊज. वहिनींनी दवाखान्याच्या बाकावर बसून त्याचे हूक लावायला घेतले. नाव पुकारलं तेव्हा शेवटचा राहिला होता. सुई कापडात टोचून ठेवून त्या उठल्या.